तीन नंबरच्या टाकीचं माप

सन्माननीय अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश महोदय. व्यासपीठावरच्या प्रयोगशाळेच्या संचालिकाबाई. बागायतदार संघाचे पदाधिकारी. आमच्या वाइनचे जुने-नवे ग्राहक. टाक्यांवर, बाटल्यांवर आणि खोक्यांवर राबणारे आमचे सगळे सहकारी. आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत, पण ज्या उद्या सकाळी बरोबर सात वाजता ‘सहज आले होते’ म्हणत पुन्हा टाक्यांपाशी उभ्या दिसतील, त्या आमच्या वहिनी!

मी त्यांचा धाकटा दीर. वाइनरीत माझं पद कोणतं, असं कुणी विचारलं तर गाडी चालवणं आणि कुणी न विचारता सल्ला देणं, ही दोन खाती माझ्याकडे आहेत. आज वहिनी सगळा कारभार लेकीच्या, म्हणजे माझ्या पुतणीच्या हाती देत आहेत. ‘काका, तुम्ही दहाच मिनिटं बोला,’ असं तिनं मला बजावलं आहे. नव्या मालकिणीची पहिली आज्ञा मोडण्याचा मान मला मिळतो आहे, याचा मला आनंद वाटतो.

वहिनींच्या कर्तृत्वाबद्दल माझ्या आधीचे वक्ते इतकं छान बोलले की माझ्यासाठी काही शिल्लकच राहिलेलं नाही. पण एक गोष्ट राहिली आहे. ती त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं. ती ठाऊक असलेली माणसं दोनच होती, आणि त्यातला एक आज हयात नाही. तेव्हा आमच्या पहिल्या वाइनच्या पहिल्या फेरीची हकिगत मी सांगणार आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी आमच्याकडे वाइनरी अशी नव्हतीच. तीन टाक्या होत्या, एक जुनी शेड होती आणि वहिनींचा हट्ट होता. आमच्या घरात तीन पिढ्या द्राक्षं पिकवून व्यापाऱ्याला द्यायची रीत. आमच्या द्राक्षांचा लौकिक एकच, गोडी! आमच्या बाबांनी आयुष्यभर जिभेनं बाग चालवली. मणी तोंडात टाकायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, ‘अजून चार दिवस.’ चार म्हणजे चारच. अशा घरात सून येते, शिकून येते आणि म्हणते, ‘बाबा, मला या द्राक्षातली सगळी साखर संपवायची आहे.’ काय वाटलं असेल त्या माणसाला, कल्पना करा!

तरी त्यांनी परवानगी दिली. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, बायकोची बाजू लावून धरली म्हणून दिली. पण अट घातली. ‘पहिला माल लोकांच्या दारात तू स्वतः नेऊन द्यायचा. मी बरोबर येणार. एक जरी खोकं परत आलं, तर पुढच्या हंगामात द्राक्षं व्यापाऱ्याला आणि टाक्या भंगारात.’ वहिनी म्हणाल्या, ‘मान्य.’ दादा म्हणाला, ‘अगं, जरा विचार तरी कर.’ त्या म्हणाल्या, ‘केला.’

एक आणि दोन नंबरच्या टाकीत लाल वाइन होती, तिला अजून अवकाश होता. तीन नंबरमध्ये पांढरी. तीच आमची पहिली वाइन. तीस खोकी, चोवीस ग्राहक, तीन दिवसांचा रस्ता. गाडी भाजीवाल्याकडून मागून आणलेली. पुढच्या बाकावर तिघं. चालवायला मी, खिडकीशी बाबा आणि दोघांच्या मध्ये वहिनी, मांडीवर पत्त्यांची वही घेऊन.

पहिला दिवस झकास गेला. नऊ दारं झाली. आपले अध्यक्षमहोदय सातव्या दारी होते. तेव्हा ते न्यायासनावर होते आणि त्यांनी दोन खोकी घेतली होती. साहेब, तुम्ही दार उघडलंत तेव्हा तुमच्या हातात झारी होती. बाबांनी नवव्या दारानंतर खिशातून सुपारी काढून अर्धी मला दिली. आमच्या घरात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. चढाच्या रस्त्याला लागलो आणि मागे धाडकन आवाज झाला. बाबा म्हणाले, ‘टायर गेला.’ मी उतरलो. चारही टायर ठणठणीत. बाबांना पटेना, त्यांनी जादाचा टायरही दाबून पाहिला. तेवढ्यात आतून दुसरा आवाज झाला. मग तिसरा. वहिनी मागे गेल्या आणि त्यांनी पडदा वर केला. खोक्यातून वाइन ठिबकत होती. दोन बुचं उडाली होती, एक बाटली तडकली होती आणि उरलेली बुचं वर सरकून बाहेर डोकावत होती.

त्यांनी फडक्यात धरून एक बाटली उघडली, चहाच्या पेल्यात ओतली. पेला फसफसला. घोटभर घेतला आणि त्या रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसल्या. म्हणाल्या, ‘आंबायचं थांबलंच नव्हतं. टाकीत साखर राहून गेली आणि मी बाटल्या भरल्या. माझं माप चुकलं, भावजी.’

वाइन करताना शेवटचं काम हेच असतं. काचेची कांडी टाकीतल्या रसात सोडायची, ती किती बुडते ते बघायचं आणि साखर संपली की नाही ते ठरवायचं. संपली असेल तर बाटल्या भरायच्या. राहिली असेल तर बंद बाटलीत ती पुन्हा आंबते, वायू धरते आणि बूच उडवते. वहिनींनी ती कांडी बुडवली होती. ‘साखर संपली’ असं वहीत लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी बाटल्या भरायच्या होत्या.

मंडळी, आता जे सांगतो आहे ते सांगायला मी उभा राहिलो आहे. वहिनी, थोडा वेळ माझ्याकडे बघू नका, नाहीतर मला पुढचं बोलता येणार नाही.

बाटल्या भरायच्या आदल्या दुपारी वहिनी बुचं आणायला बाहेर गेल्या होत्या. बाबा शेडमध्ये आले. मला म्हणाले, ‘दाखव रे काय केलंय ते.’ मी तीन नंबरच्या टाकीतून पेलाभर काढून दिली. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू घरात चोरी झाली आहे. म्हणाले, ‘ही आंबट आहे. आपल्या बागेच्या नावानं आंबट माल जाणार? लोक तोंडावर हसतील. पोरीला कळत नाही.’ शीतगृहात आमच्याच द्राक्षांच्या रसाचा दहा लिटरचा डबा होता. बाबांनी नुसता त्या बाजूला हात केला. ओतला मी. ढवळला मी. आम्हाला वाटलं, आपण सुनेची लाज राखली. साखर खाऊन रस आंबवणाऱ्या यीस्टला काय, तिच्या पुढ्यात पुन्हा पान वाढलं गेलं होतं!

माझ्या वहिनी त्या दगडावर बसून ‘माझं माप चुकलं’ म्हणत होत्या, तेव्हा दोन पुरुष बाजूला उभे होते आणि दोघांनाही खरं काय ते ठाऊक होतं. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी रस्त्याकडे पाहिलं. अध्यक्षमहोदय, चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात. इथे संन्यासी स्वतःहून सुळीकडे चालत निघाला होता आणि चोर गाडीचं दार उघडून धरत होता.

सूत्रसंचालकांनी आत्ता चिठ्ठी पाठवली आहे, ‘कृपया आवरतं घ्या.’ क्षमा असावी, आज आवरणार नाही.

मी म्हणालो, ‘वहिनी, घरी जाऊ. राहिलेल्या पंधरा जणांना फोन करू.’ त्या उठल्या. म्हणाल्या, ‘ज्या नऊ घरांत बाटल्या पोचल्यात, तिथे आधी. कुणाच्या डोळ्यात काच गेली तर? आजच्या आज सगळ्या परत घ्यायच्या. मग राहिलेली पंधरा दारं. फोनवर सांगितली की चूक लहान वाटते. समोर उभं राहून सांगायची.’ बाबा म्हणाले, ‘सगळी खोकी परत आली तर माझी अट आठवते ना?’ वहिनी म्हणाल्या, ‘आठवते. आधी बुचं काढा.’

मग भर उन्हात आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला हातांना फडकी गुंडाळून बुचं काढत बसलो, एकेका बाटलीतला वायू सोडत. शंभरावर बाटल्या! एक सायकलवाला थांबून म्हणाला, ‘काय हो, कसला आनंद साजरा करताय?’ बाबा म्हणाले, ‘तू पुढे जा.’

आणि मग ती दारं. प्रत्येक दारात वहिनींचं वाक्य एकच. ‘नमस्कार, काल दिलेली वाइन परत न्यायला आले आहे. मोजताना माझी चूक झाली. बरोबर केलेली वाइन पुढच्या वर्षी घेऊन येईन.’ माल न पोचलेल्या पंधरा दारांत फक्त सुरुवात बदलली, ‘आज वाइन देऊ शकत नाही.’ गाणं शिकवणाऱ्या एका बाईंनी बाटल्या पियानोवर मांडल्या होत्या. त्यातली एक आमच्या देखत उडाली आणि पट्ट्यांवर सांडली. वहिनींनी पदर खोचला, एकेक पट्टी पुसली आणि मग पुन्हा तेच वाक्य म्हटलं. त्या बाईंनी दार लावलं ते आमच्या तोंडावरच. आपले अध्यक्षमहोदय मात्र बाटल्या सोडायला तयार नव्हते. ‘मला ही बुडबुड्यांची आवडली, बाई. वस्तू माझी आहे.’ वहिनी म्हणाल्या, ‘तुम्ही मागितली होती ती ही नाही.’ आणि त्यांच्या पायरीवर बसून राहिल्या. पाऊण तास. एका न्यायाधीशाला निकाल फिरवताना मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

बाबा पहिल्या चार दारांना गाडीतून उतरलेच नाहीत, काच वर करून बसले. पाचव्या दारापासून उतरले आणि खोकी उचलू लागले. वहिनी म्हणाल्या, ‘बाबा, तुमची पाठ.’ ते म्हणाले, ‘पाठीला काय धाड भरली आहे?’ अशी चोवीस दारं झाली. चोवीस वेळा ‘माझी चूक’ माझ्या कानांवर पडली, आणि चोवीस वेळा मी गाडीच्या किल्ल्या मोजत उभा राहिलो. त्या जुडग्यात किल्ल्या दोनच होत्या.

परतताना पेट्रोल भरायला थांबलो. वहिनी हात धुवायला गेल्या, तेव्हा बाबा म्हणाले, ‘तिला मी सांगेन. तू तोंड उघडायचं नाहीस.’ मी मान डोलावली. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर वहिनींनी खोकी मोजून शेडमध्ये लावली, तशाच मळक्या हातांनी बाबांसमोर आल्या आणि म्हणाल्या, ‘अट तुमची होती, मी मानली होती. व्यापाऱ्याला बोलवा.’ व्यापारी दुसऱ्या दिवशी आला. बाबांनी त्याला दारातूनच सांगितलं, ‘बाग गुंतली आहे.’ कुणात, केव्हा, कशी, काही नाही. आत आले आणि वर्तमानपत्र वाचू लागले. आपण सगळे आज या सभागृहात बसलो आहोत ते त्या तीन शब्दांवर. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा त्याच चोवीस दारांत गेलो. बावीस जणांनी वाइन घेतली. त्यात त्या गाण्याच्या बाईही होत्या.

पण बाबांनी वहिनींना सांगितलं नाही. त्यानंतर अकरा वर्षं होते ते. दर हंगामाला मी विचारायचो आणि ते म्हणायचे, ‘बघू.’ शेवटच्या आजारपणात वहिनी त्यांचे पाय चेपत होत्या, मी दारात उभा होतो. त्यांनी तोंड उघडलं, वहिनींकडे बघितलं आणि पाणी मागितलं. मी त्यांना दोष देत नाही. ते गेल्यालाही आठ वर्षं झाली आणि त्या आठ वर्षांत माझ्या तोंडावर कुणाचाही हात नव्हता.

मघाशी माझ्या पुतणीनं मानपत्र वाचलं. फार सुरेख लिहिलं आहे. त्यात एक वाक्य आहे, ‘पहिल्या वर्षी अननुभवामुळे झालेल्या मोजमापाच्या चुकीतून धडा घेऊन त्यांनी प्रत्येक माप तीनदा घेण्याची शिस्त घालून दिली.’ सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. कारण ही शिस्त कशी जन्मली ते मी पाहिलं आहे. कुलूप लावून घरी आलेल्या, जेवायला बसलेल्या वहिनी वाढलेलं ताट तसंच ठेवून पुन्हा टाक्यांकडे जायच्या. मी म्हणायचो, ‘काय राहिलं?’ त्या म्हणायच्या, ‘काही नाही, भावजी. माझा माझ्यावर भरवसा नाही.’ एकोणीस हंगाम हे वाक्य मी ऐकलं आणि समोरचा घास गिळला.

तेव्हा अध्यक्षमहोदय, आपल्याला नम्र विनंती आहे. हे मानपत्र आपण वहिनींच्या हाती देण्यापूर्वी त्या वाक्याचा पूर्वार्ध खोडावा. पेन मी आणलं आहे. खाली सही लागणार असेल तर माझी घ्यावी, आणि बाबांच्या वतीनं दुसरीही.

हे सभागृह दिल्याबद्दल संघाचे, लांबून आलेल्या ग्राहकांचे आणि दहाच्या जागी मला कितीतरी जास्त मिनिटं सोसणाऱ्या आपल्या सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. बोलताना शब्द पुढेमागे झाले असतील, कुणाचं नाव राहिलं असेल, तर आपण ते पोटात घालावं.

वहिनी, तुमच्याकडे मात्र मी आज माफी मागत नाही. ती मागायची वेळ रस्त्याच्या त्या दगडापाशीच होती. तुम्हाला फक्त एक सांगायचं आहे, आणि ते सांगून मी खाली बसतो. त्या दिवशी तीन नंबरच्या टाकीत साखर नव्हती. तुम्ही कांडी एकदाच बुडवली होती आणि तुमचं माप बरोबर होतं.