बाईंच्या घरचे माझे उपास

बायांनो, भावांनो, नमस्कार. माईकपुढे मी कधी उभी राहिलेली नाही. आज विमलबाईंच्या शोकसभेत त्यांच्या मुलीनं हात धरून उठवलं, "मावशी, तुम्ही तर बोलाच," म्हणाली.

बाई इथं सौंसरच्या शाळेत मास्तरीण होत्या. माझ्या शेजारीण. आमचं भांडण एकच. येरवड्याच्या तुरुंगातला तो उपास आणि त्यातून झालेला पुणे करार. मी मॅट्रिक. माझ्या पुस्तकात तो चार ओळींत संपला होता. बाईंच्या अंगणात कधीच संपला नाही.

त्या म्हणायच्या, "वहिनी, आमचा माणूस आम्हीच निवडावा, एवढंच मागणं होतं. तुमचे उपाशी बसले, आमच्याले सही करा लागली."

मी म्हणायची, "वेगळं मतदान झालं असतं तर गावाचे दोन तुकडे झाले असते, बाई."

"अन् आधी काय एक होतं? विहिरी तर दोन होत्या!"

"पण राखीव जागा भेटल्या ना?"

"भेटल्या. त्या जागेवर आमच्यातला कोण बसवायचा, हे अजून तुमच्याच ओट्यावर ठरून राहिलं."

मागच्या खेपेला आमच्याच ओट्यावर ठरलं होतं. चहा मीच दिला होता.

मग बाई पोहे आणायच्या. आणि मी म्हणायची, आज माझा उपास आहे.

मंडळी, तो उपास नव्हता. मी देवाधर्माची बाई. खरे उपास पुष्कळ केले. पण बाईंच्या घरचं खायचं नाही, म्हणून देवाला पुढं केलं. वर्षानुवर्षं केलं. बाईंनी खाट धरली तेव्हा माझा जीव थाऱ्यावर राहिना. हे न सांगताच त्या गेल्या तर?

मागच्या महिन्यात खाटेजवळ बसले. "बाई, ते उपास खोटे होते."

बाई हसल्या. "मले माहीत होतं वो. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा. बुधवारी कोणता देव उपाशी ठेवते तुम्हाले?"

"मग दरवेळी पोहे काहून करत होत्या?"

"एका उपासापुढं आमच्या माणसाले झुका लागलं. तुमच्या उपासापुढं मी काहून झुकू? पोहे तर होणारच."

मी रडले. मग मुलीनं केलेले पोहे खाल्ले. मीठ जास्त झालं होतं, तेही सांगितलं.

दुःख आहेच, मंडळी. पण छातीवरचा धोंडा उतरला, हे तुमच्यापासून कसं लपवू? माफ केलं का, असं मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच बोलावणं धाडलं, तेवढं पुरे. वाद मिटला नाही. शेवटच्या आठवड्यातही आम्ही करारावर भांडलो. मला पटलं नाही, त्यांना तर नाहीच. पण आता भांडण बरोबरीचं होतं.

उभे राहू या. आयुष्यभर मी बाईंचं बोलणं मध्येच तोडलं. आता दोन मिनिटं तोडत नाही.

बाई, जय भीम.