मनगटावरचे मणी

"हे मणी घातल्यावर खरंच काही वाईट होत नाही?"

असे मणी घालणाऱ्या कुणाला तरी विचारून दाखव, असं मैत्रिणींनी डिवचलं होतं. मग काय, हॅम्बर्गच्या हॉस्पिटलात प्लास्टर काढून बसले होते, तिथेच मनगटावर जपाची माळ घालून मुलीसोबत शेजारी बसलेल्या तिबेटी बाईंना मी बेधडक विचारलं. त्या उत्तर देणार, तोच नर्स आली.

"आल्झो... हं तर, ऑपरेशनला दागिने चालत नाहीत. हातातलं काढा."

"हा दागिना नाही. मुलीने ओवलंय."

"आई, काढ ना. डॉक्टर थांबलेत," मुलगी म्हणाली.

"एकेक मणी ओवताना तू मंत्र म्हटलास. ते टाकून आत जाऊ?"

"टाकू नकोस. मला दे."

"तुला कशाला? ऑपरेशन माझं आहे."

"मणी दुसऱ्यासाठी मोजायचे, हे तूच शिकवलंस. आत तू बेशुद्ध असशील. तुझ्यासाठी कोण मोजणार?"

"तू कधी बसतेस जपाला?"

"आज बसते."

बाईंनी हात पुढे केला. मुलीने माळ उतरवून घेतली.

"मध्येच फोन घ्यायचा नाही."

"नाही घेणार."

त्यांना आत नेलं. मुलगी पहिलाच मणी पुन्हा पुन्हा मोजत राहिली.

तेवढ्यात आई-बाबा मला न्यायला आले.

"निघालं ना प्लास्टर? चल, गाडी खाली उभी आहे."

"तुम्ही जा, बाबा. हिची आई बाहेर येईपर्यंत मी हिच्याजवळ बसणार आहे."