माशाची झिल्ली, खाता येते ना जी!

...अन् वरून गिऱ्हाईक मलेच म्हणते, "माशाले प्लास्टिक गुंडाळलं!" प्लास्टिक? तुमाले सांगतो, दोन दिवस चुलीपाशी उभा राहून साबुदाण्याची पेज घोटली मी, त्यात लवंगाचं तेल टाकलं, त्यात रोहू बुडवला, पंख्याखाली वाळवला, तवा कुठं त्याच्या अंगावर कांद्याच्या पापुद्र्यासारखी झिल्ली बसली! बरफात ठेवा, मासा दुप्पट दिवस टिकते. अन् झिल्ली काढून फेकाची गरज नाही... खाता येते ना जी!

आता आठवीत शाळा सोडलेल्या पोट्ट्याले हे सुचलं काहून? तर त्या साली कापसानं दगा देल्ला, अन् नांदगाव खंडेश्वरकडं जो तो शेततळ्यात मासे सोडून बसला. माह्या मावसानंही सोडले. सगळ्यायचे मासे एकाच महिन्यात मोठे! अकोल्यात जठारपेठेत पार्बताबाईचा, म्हणजे माह्या मावशीचा, मासे विकाचा ओटा. तिथं मासे रोज उरत, रोज नासत. मंग मी गेलो मासे टिकवाच्या सरकारी ट्रेनिंगले. साहेबानं एका मशीनचा फोटो दाखवला. "यात मासा पाण्यात ठेवून प्रचंड दाब देतात. जंतू मरतात, मासा गारच्या गार!" मी जिंदगीत पहिल्यांदा हात वर केला... "साहेब, घरी करता येते?" सगळे हासले. मी खाली बसलो. पण घरी येऊन आजीचं जातं ठेवलं ना एका माशावर! सकाळी पाहतो तं माशाची पोळी! दाब चारीकडून सारखा पायजे, हे साहेबानं सांगतलं तवा मी लाजून खाली मुंडी घालून बसलो होतो. जंतू मेले का नाही, ते मांजरीले ठाऊक.

म्हणून झिल्ली! स्वस्त, पातळ, अन् खाता येते ना जी!

मावशी म्हणे, "रविवारी वीस किलो खपव, ओटा तुहा. नाही तं किशोर बसन, तू मागं खवले काढ." किशोर माहा मावसभाऊ. त्याचा आवाज असा का बस स्टँडवरून गिऱ्हाईक वापस आणन. अन् मी? मले नुसतं 'घ्या' म्हणाले घाम फुटते!

रविवार उजाडला. पहिल्या आल्या मावशीच्या नेहमीच्या गिऱ्हाईक, रईसाखाला. त्यायनं मासा उचलला, कल्ला उघडला, लालभडक! नाकाशी नेला... अन् थांबल्या. "बेटा, इसमें तो बासच नहीं! मच्छी है के साबुन?" मी म्हटलं, "खाला, ताजी है इसलिए..." त्यायनं अंगठा दाबला, अंगठा सटकला. "अन् ये चमडी कायकी?"

"खाता येते ना जी!"

"तो तू खा पैले."

झाली ना गर्दी! ताटात पसरून नमुन्याच्या कोऱ्या झिल्ल्या वाळवल्या होत्या, त्यातली एक तोंडात टाकली, कुरुम् कुरुम्, अन् तुमाले सांगतो, कोण जाणे काय अंगात आलं, मी बोंबललो, "खाता येते!" किशोरही दचकला! खालानं एक रोहू घेतला. "जिंदा रही तो फिर आऊंगी." बस. माणसं पन्नास, मासा खपला एक! मी पाहतो इकडं, पाहतो तिकडं... अरे, घ्या ना!

तवा गर्दीतून शेजारची जमुनाकाकू म्हणे, "अरे बाप्पा, आज चतुर्थी!"

माशाचे दिवस मोजले, बरफाचे तास मोजले... कालनिर्णय कोण पाहीन? मावशीनं माह्याकडं असं पाहिलं का मी खवले काढाची सुरी शोधू लागलो. पण जमुनाकाकू काही हलत नाही. "कायची रे हे झिल्ली?"

"साबुदाण्याची."

"माशाले लागली?"

"नाही जी, ताटातली कोरी हाय."

"मंग उपासाले चालते?"

माहं तोंडच माह्याआधी बोललं, "खाता येते ना जी!"

दहा मिनिटात ताट साफ!

अन् मासे? मंगळवारीही तसेच ताजे, कल्ले लालभडक! किशोर बोंबलला, दुपारलोक सारे गेले. जिंकली ना माही झिल्ली! मावशी खुश. ओटा देल्ला मले... अर्धा. त्या अर्ध्यात किशोर माहे झिल्लीवाले मासे विकते, या अर्ध्यात मी. कोऱ्या झिल्लीचे उपासाचे पापड.

कालच एक बाई म्हणे, "पापड झ्याक हाय रे, पण असा मासेवाल्याच्या बाजूले काहून बसतो?"

बसतो जी. काय सांगू.