बाबांची दुरुस्ती

आयसीयूबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते.

“ताई, बाबांनी ऑपरेटिंग सिस्टीम लिहून सगळ्यांसाठी खुली केली. तू मात्र तुझ्या आवृत्तीत तिला कुलपावर कुलूप लावत बसलीस.”

“आणि भंगारातल्या मशीनवरही चालावी म्हणून तू तुझ्या आवृत्तीची दारं सताड उघडी ठेवलीस.”

“नवं मशीन परवडत नाही त्याने काय करायचं?”

“आणि माहिती चोरीला गेली त्याने?”

“जाऊ दे. परवा बाबांनी सिस्टीममधल्या एका चुकीची दुरुस्ती पाठवली. म्हणाले, चूक ताईने शोधलीय, तिचे आभार मान.”

“मी? मला तर लिहिलं, धाकट्याने शोधलीय.”

“मीही नाही शोधली. मग तुझ्या आवृत्तीत दुरुस्ती लावलीस?”

“तुझं नाव वाचलं आणि ठेवून दिली. तू?”

“मीही.”

दोघांनी बंद दाराकडे पाहिलं.

“लॅपटॉप काढ, ताई. बाबांना भेटायला आत सोडायच्या आधी दोन्हीकडे लावून टाकू.”