सरांना ज्या परीक्षेची गरज नव्हती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या संस्थेचे आधार हरेशदादा, व्यासपीठावरचे केंद्रप्रमुख साहेब, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते प्रभारी मुख्याध्यापक उबेद मुकादम सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या सायराभाभी, रोहा-अष्टमीतून आलेले पालक, माझे सहकारी आणि दाराशी गर्दी करून उभ्या असलेल्या मुलांनो, तुम्हा सगळ्यांना नमिता घरतचा नमस्कार.

सरांनी सकाळीच मला बजावलंय, "बाई, थोडकंच बोला." छत्तीस वर्षांची नोकरी थोडक्यात कशी सांगायची? म्हणून मी फक्त गेल्या दीड वर्षाबद्दल बोलणार आहे. सर, मी आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. भाभींना मात्र विचारलंय.

सहावी ते आठवीला मी सोळा वर्षं इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवते. कोर्टाचा निकाल आला आणि नोकरीतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास होणं भाग पडलं. ज्यांची पाच वर्षांहून कमी नोकरी उरली होती, त्यांना सूट. सर त्या सूटवाल्यांत होते. मी आणि विशाल सर नव्हतो.

पहिल्या वेळी मी कुणालाही न सांगता फॉर्म भरला. सामाजिक शास्त्रांचा पेपर, त्यात काय अवघड, असं वाटलं होतं. केंद्र पेणला होतं. वर्गात शिरले तर दुसऱ्या बाकावर मृणाली, माझीच जुनी विद्यार्थिनी. उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही सुपरव्हिजनला का?"

मी हो म्हणाले.

का म्हणाले, ते आजही सांगता येणार नाही. तोंडातून निघून गेलं. आणि मग हॉलतिकीट काढून मला तिच्या मागच्या बाकावर बसावं लागलं. पोरगी गुणाची. अडीच तासांत तिनं एकदाही मान मागे वळवली नाही. ती मुद्दाम वळवत नव्हती, आणि तेच मला सहन होत नव्हतं. संविधानाचे प्रश्न मी झोपेत सोडवीन, पण त्या दिवशी एकेक ओळ चार-चारदा वाचत होते. बालमानसशास्त्राच्या निम्म्या प्रश्नांचे गोल अंदाजानं रंगवले.

परतीच्या एस.टी.त सर भेटले. भाभींचं माहेर पेणचं, तिथून ते येत होते. माझ्या हातात हॉलतिकीट तसंच होतं. त्यांनी ते पाहिलं, पण रोहा येईपर्यंत परीक्षेचा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी सगळ्यांना सांगितलं, ताप होता, परीक्षेला गेलेच नाही. सर तिथेच वह्या तपासत होते. आता ते मान वर करतील, अशी मला भीती होती. त्यांनी मान वर केली नाही. सहकाऱ्यांनो, ते मी खोटं बोलले होते. आज तुमची माफी मागते.

निकाल लागला. सहा गुण कमी पडले. घरी सुजय, माझे मिस्टर, म्हणाले पुन्हा दे. पण पुन्हा त्या बाकावर बसायची माझी तयारी नव्हती. दोन महिने मी पुस्तक उघडलं नाही. शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर राजीनामा लिहिला आणि सरांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी तो पूर्ण वाचला. घडी घातली. मग म्हणाले, "हा पुढं पाठवायचा तर पाठवू. पण माझं एक काम हाय. मी टीईटीचा फॉर्म भरलाय. बालमानसशास्त्र मला काय समजत नाय. तुम्ही शिकवाल का?"

मला आधी चेष्टा वाटली. मग राग आला. मी म्हणाले, सर, तुम्हाला सूट आहे, माझी कीव करू नका. ते म्हणाले, "कीव नाय बाई. पस्तीस वर्षं पोरांना पेपर दिले, स्वतः एकदा बसून बघतो. सोमवारी साडेपाचला, आठवीच्या वर्गात."

आणि आम्ही बसलो. मुलांच्या बाकांवर, गुडघे वर येतात तसे. त्यांना समजावण्यासाठी मला आदल्या दिवशी वाचावं लागे, आणि सर काही सोडत नसत. "खालीलपैकी अयोग्य विधान कोणतं" या प्रश्नावर आमचे वाद होत. इंग्रजीच्या उताऱ्यावर दोघंही अडकत असू. चार महिने हे चाललं. राजीनामा ड्रॉवरमध्ये आहे हे मी विसरले नव्हते. रोज वाटायचं, आज मागतील की पाठवलाय म्हणतील.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दिव्याला जाणाऱ्या रेल्वेनं पेणला गेलो. गेटवरच्या माणसानं सरांची पांढरी दाढी बघून हात केला, "सर, पर्यवेक्षक तिकडच्या दारानं." रांगेत पाचपन्नास पोरं. सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी परीक्षेला आलोय." कुणी हसलं, कुणी वळून पाहिलं. सर हॉलतिकीट हातात धरून उभे राहिले.

पुढे अंगठ्याचं यंत्र. सरांचा अंगठा लागेना. एकदा, दोनदा, रुमालाला पुसून तिसऱ्यांदा. गेट बंद व्हायला सात मिनिटं. माझा अंगठा लागून मी आत गेले होते, पण दाराशीच थांबले. सर म्हणाले, "तुम्ही जा, बाई. तुमच्या बाकावर जाऊन बसा." मी गेले. घंटा झाली तेव्हा ते वर्गात आले की नाही, मला ठाऊक नव्हतं. त्यांची खोली वेगळी होती. तरी त्या दिवशी प्रत्येक ओळ मी एकदाच वाचली. बाहेर आल्यावर कळलं, पाचव्यांदा अंगठा लागला होता.

निकालाच्या दिवशी मी आधी माझा नंबर टाकला. पास. मग सरांचा टाकला. ते पाच गुणांनी राहिले होते.

हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यांच्या घरापर्यंत गेले आणि परत फिरले. दुसऱ्या दिवशी शाळेत पोचले तर स्टाफरूमच्या सूचनाफळ्यावर, बदली तासांच्या कागदाशेजारी, सरांनी स्वतःचं गुणपत्रक टाचणीनं लावलेलं. अनुत्तीर्ण. मला बघून ते म्हणाले, "पेढे कुठायत?" राजीनाम्याचं विचारलं, तर तो त्यांनी त्याच शनिवारी फाडला होता.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत विशाल सर फळ्यासमोर बराच वेळ उभे होते. मग हळूच म्हणाले, मीपण दोनदा नापास झालोय, बायकोलासुद्धा सांगितलं नाय. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "साडेपाचला या."

अध्यक्ष महोदय, माझी वेळ संपली हे घड्याळात दिसतंय. हा समारंभ घडवून आणणाऱ्या सगळ्यांचे, आणि आपला माणूस रोज संध्याकाळी शाळेला देऊन टाकणाऱ्या सायराभाभींचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला काही लागलं असेल, तर आपली शिक्षिका समजून पदरात घ्या.

आणि मुलांनो, सर आज निवृत्त होतायत म्हणून रडू नका. येत्या रविवारी विशाल सर पेणला पेपरला जातायत. एकटे नाहीत. मुकादम सरांनीही पुन्हा फॉर्म भरलाय.

धन्यवाद.