अक्कांनी काढलेला बिबट्या

आमच्या साहेबांना बिबट्या शेवटी कुणी पटवला, माहितीये? साक्रीकडच्या एका अक्कांनी.

आम्ही वन्यप्राण्यांच्या सर्वेक्षणाला तिकडं गेलो होतो. गावकरी बिबट्या म्हणायचे, साहेब म्हणायचे, "कुत्रं असेल. पंजा दाखवा, मग बोलू." म्हणून संध्याकाळी मी अक्कांच्या गोठ्यापुढं माती चाळून पसरली. जनावर वरून गेलं की ठसा उमटतो. अक्कांना एवढंच बोललो, "सकाळी साहेब येतील, जरा लक्ष ठेवा."

सकाळी साहेबांना घेऊन पोचलो, तर माती गायब! लख्ख झाडलेलं, वर शेणाचा सडा आणि हे एवढं रांगोळीचं कमळ.

"अक्का, पंजा उमटला होता का हो?"

"व्हता ना! वाटीइतला. म्हणीसन तर झाडी टाकं. साहेब येनार शेतस, अन् दारमा इतली घाण?"

मी कपाळाला हात लावला. साहेब हसले, "सांगतो ना, कुत्रंच ते."

अक्का चिडल्या. चिमटीत रांगोळी घेऊन खाली बसल्या आणि एका दमात पंजा काढला. खाली गादी, वर चार बोटं.

"आणि नखं?" साहेबांनी हसतच विचारलं.

"नखं नव्हतात. जे दखं, तेच काढं."

साहेबांचं हसू मावळलं. कुत्र्याची नखं मातीत उमटतात, बिबट्याची नाहीत, हे आम्हाला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी गुपचूप फोटोसाठी मोबाईल काढला.

अक्का ओरडल्या, "थांबा साहेब! आजून रंग भराना बाकी शे!"