गार नूडल्सला फोडणी

परवा भिशीला माझ्या घरी काय झालं, ऐक. म्हटलं, असल्या उकाड्यात वडे कोण तळणार? गार नूडल्सचं सॅलड करू. नूडल्स उकडल्या, बर्फाच्या पाण्यातनं काढल्या, त्यात काकडी, गाजर, सोया सॉस, लिंबू घातलं. झाकून फ्रिजमध्ये ठेवलं आणि अंघोळीला गेले.

बाहेर आले तर घरभर ठसका! आदल्या दिवशीच हातकणंगल्याहून आलेल्या सासूबाई गॅसपुढं उभ्या, आणि कढईत माझं सॅलड कांदा-लसूण मसाल्यानं लालभडक!

"आई, हे काय केलंसा?"

"गप बस. चारचौघीत शोभा झाली असती."

"अहो, ते गारच खायचं असतंय की!"

"गार? घरी आलेल्या बायकांना? गॅस संपलाय व्हय आपला?"

तेवढ्यात मैत्रिणी आल्याच. नाक पुसत, घटाघटा पाणी पीत सगळी कढई पुसून खाल्ली. एकीनं विचारलंच, "भारी झालंय गं! कसं केलंस?"

मी तोंड उघडणार, तोच सासूबाई माझ्या कानाशी वाकल्या.

"काळजी करू नको. फोडणी द्यायची विसरलीस, ते मी कुणाला सांगितलं न्हाय."